एमए इतिहासचं ओरिएंटेशन: त्यासाठी आठ दिवस आधी पुण्याला यायचं का?

बालाघाटकरीण

नमस्कार सगळ्यांना. मी अंबाजोगाईची, बीए इतिहास झालंय, सगळं मराठी माध्यमातून. पुण्यात एमए इतिहासला नंबर लागला, फी पण भरली. आता विभागाचा मेल आलाय की सोमवार ते शनिवार नवीन मुलांचं ओरिएंटेशन आहे आणि लेक्चर त्याच्या पुढच्या सोमवारपासून. होस्टेलची लिस्ट अजून लागली नाही, म्हणजे तो आठवडा हडपसरला आत्याच्या ओळखीतल्यांकडे राहायचं आणि रोज दोन बस बदलून जायचं. घरी खुरपणी चालू आहे, बाया मिळत नाहीत, पप्पा म्हणतात भाषणंच असतील, आठ दिवसांनी जा काय फरक पडतो.

मेलमध्ये लिहिलंय ते असं: पहिल्या दिवशी स्वागत आणि विभागाची ओळख, मग लायब्ररी, मग सिलॅबस आणि क्रेडिट, गुरुवारी भारत इतिहास संशोधक मंडळ आणि पेशवे दप्तर बघायला नेणार, शुक्रवारी रिसर्च एथिक्स, शनिवारी सीनियर मुलांशी गप्पा.

अजून एक सांगायचं होतं. आमच्या आजीच्या पत्र्याच्या पेटीत पणजोबांच्या वेळचे मोडीतले कागद आहेत, पंधरा-वीस असतील, घरात कुणालाच वाचता येत नाहीत. दरवर्षी दिवाळीच्या आधी आजी ते उन्हात ठेवते आणि परत पेटीत. मी इतिहास घेतला तो त्या कागदांमुळे, लोक विचारतात एमए करून पुढं काय तेव्हा हे कुणाला सांगत नाही पण इथं सांगते. मोडी मला अजिबात येत नाही. इंग्रजीची पण भीती वाटते, पुण्यातली मुलं फाडफाड बोलत असतील. तर ज्यांनी हे ओरिएंटेशन केलंय त्यांनी खरं सांगा, यायचं का, आणि आलं तर काय विचारायचं?

पेठेतला_भाडेकरू

ये. पप्पांना सांग आठ दिवसांची खुरपणी राहिली तर तण काढता येईल पण हा आठवडा परत येत नाही. मी आता सेकंड इयरला आहे, आणि मागच्या वर्षी मी पहिले चार दिवस गेलो नव्हतो, घरी लग्न होतं, मलाही असंच वाटलं होतं की भाषणंच असणार. झालं काय, गुरुवारी दप्तरात नेताना विभागाने सगळ्यांचं मिळून एकच पत्र दिलं होतं, त्यात नावं होती आणि ज्यांची नावं होती त्यांची ओळख तिथल्या माणसांशी त्याच दिवशी झाली. माझं नाव नव्हतं. मग मी वेगळा अर्ज, त्यावर विभागप्रमुखांची सही, सर सुट्टीवर, सही झाली तर शिक्का राहिला, असं करत करत दीड महिना गेला आणि तोपर्यंत बाकीच्यांचे विषय ठरून गेले होते. दीड महिना म्हणजे सेमिस्टरचा जवळजवळ अर्धा.

सिलॅबस आणि क्रेडिटवाला दिवस कंटाळवाणा वाटेल पण झोपू नको. आता नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे दोन वर्षांचे मिळून ८८ क्रेडिट आहेत, एका सेमला २२. पहिल्या सेमला रिसर्च मेथडॉलॉजी ४ क्रेडिटची आहे, दुसऱ्या सेमला ओजेटी नाहीतर फील्ड प्रोजेक्ट ४ क्रेडिटचा आणि मग तिसऱ्या-चौथ्या सेमला रिसर्च प्रोजेक्ट. ओजेटी म्हणजे कुठल्यातरी ठिकाणी जाऊन प्रत्यक्ष काम करायचं, आणि बरीच मुलं शेवटच्या क्षणी कुठंतरी ओळखीनं सर्टिफिकेट आणतात. तू पहिल्याच आठवड्यात विचार की म्युझियम, पुरालेखागार, हस्तलिखितांची लायब्ररी असल्या ठिकाणी ओजेटी करता येते का आणि त्याला पत्र कोण देतं. तुझे मोडीचे कागद आहेत म्हणतेस, तर तुझी ओजेटी मोडीतच व्हायला पाहिजे.

इंग्रजीचं सांगतो. आमच्या बॅचला तीसेक जण, त्यातले वीस-बावीस मराठी माध्यमाचे, धाराशिव, नंदुरबार, सांगली, गडचिरोली अशी सगळीकडची. पेपर मराठीत लिहिता येतो. वाचायला मात्र इंग्रजी लागतंच, ते रोज दोन पानं असं करत येतं. पहिल्या दिवशी ओळख करून देताना मराठीत बोल, बिनधास्त.

आणि येताना टीसी, मायग्रेशन, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर याच्या तीन-तीन झेरॉक्स, एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात ते ऑनलाइन खातं) काढलेला असू दे, आणि अँटी रॅगिंगचं ऑनलाइन हमीपत्र भरून त्याचा मेल प्रिंट करून ठेव. लायब्ररी कार्डासाठी दोन फोटो.

नेट_देणारा

मी वेगळं सांगतो. ओरिएंटेशनला काही नसतं, हारतुरे, दीपप्रज्वलन, तीन तास भाषणं. तेवढ्या वेळात नेट म्हणजे प्राध्यापकीच्या परीक्षेचा ०६ नंबरचा इतिहासाचा पेपर, त्याचं एक युनिट वाचून होईल. शेवटी जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तरच पुढं रस्ता आहे, राज्याच्या सेट परीक्षेचं पण तसंच. घरची खुरपणी उरकून ये, काही बिघडत नाही.

रुमालवाली

@नेट_देणारा, नेट द्यायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण पहिल्या आठवड्यात ती जी जागा बघेल तिथूनच तिचं पुढचं काम निघणार आहे, आणि जेआरएफ मिळून विषय न सुचलेली मुलं मी पाहिलीत. भाषणाच्या दिवसाबद्दल तुझं म्हणणं बरोबर असेल, गुरुवारबद्दल नाही.

बालाघाटकरीण, मी पीएचडी करते, अठराव्या शतकातल्या हिशेबाच्या कागदांवर, त्यामुळे दप्तरात माझं येणंजाणं रोजचं. तू गुरुवारी काय बघणार आहेस ते सांगते म्हणजे तू नुसती फिरून येणार नाहीस.

पेशवे दप्तर म्हणजे पुण्याचं पुरालेखागार, स्टेशनच्या बाजूला, दगडी इमारत आहे, १८९१ ची, मुद्दाम हे कागद ठेवायलाच बांधलेली. आत मांडण्यांवर रुमाल. रुमाल म्हणजे चौकोनी कापडात बांधलेलं गाठोडं, असे हजारो आहेत आणि कागद मोजायला गेलं तर कोट्यवधी. इंग्रजांनी ते सांभाळले ते मुख्यतः इनामं कुणाची खरी कुणाची खोटी हे तपासायला, आपल्या लोकांना अभ्यासासाठी तिथं कितीतरी वर्षं धड जाऊ देत नव्हते. मग १९३० च्या सुमाराला गो. स. सरदेसायांना निवडक कागद छापायचं काम मिळालं आणि ४५ खंड निघाले. छापलेलं ते ४५ खंडांत मावलं, बाकीचं अजून रुमालातच आहे, हे तुला तिथं उभं राहिल्यावर कळेल, वाचून कळत नाही.

मी पहिला रुमाल उघडला तेव्हा मला वाटलं होतं लढाईची पत्रं निघतील. निघाला घोड्यांच्या चंदीचा हिशोब. कागद लांब अरुंद, डाव्या बाजूला कोरी जागा सोडलेली, वर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रेघ आधी मारून घेतलेली आणि सगळी अक्षरं त्या रेघेला लटकवलेली, हात न उचलता लिहीत गेलेला माणूस. शाई अजून काळीभोर. एका ठिकाणी बोरू नवीन तासल्यावर अक्षर एकदम बारीक झालेलं दिसत होतं. त्या दिवशी मला तीन तासांत चार ओळी वाचता आल्या, आणि त्यातही हरभरा हा शब्द मी दोनदा चुकवला. पण तो माणूस दिसला मला, बोरू खाली ठेवून तासणारा. त्यानंतर मी विषय बदलला नाही.

मोडीची भीती घालवायला एक गंमत सांगते, तू शेतकरी घरातली आहेस म्हणून तुला पटकन कळेल. जुन्या कागदांवर साल आकड्यात कमी आणि अरबी शब्दांत जास्त असतं. समजा लिहिलंय "सन इहिदे सितैन मया व अलफ". इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. हा सुहूर सन. हे साल जानेवारीत बदलत नाही, सूर्य मृगात गेला की बदलतं, म्हणून त्याला मृगसाल पण म्हणतात. आपल्याकडे पेरणीचा हिशोब जिथून सुरू होतो तिथूनच. मृगापासून डिसेंबरपर्यंतचा कागद असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचा असेल तर ६००. म्हणजे ११६१ हे १७६० चा मृग ते १७६१ चा मृग. जानेवारी १७६१ ला काय झालं ते तुला सांगायला नको. आणि तारखेच्या आधी "छ" दिसला की समजायचं पुढं मुसलमानी महिन्याचा चंद्र येतोय, छ अमुक रमजान, छ तमुक साबान. एवढं पाठ करून आलीस तरी गुरुवारी तुला काचेच्या पेटीतल्या कागदाचं साल स्वतः काढता येईल.

मंडळ सदाशिव पेठेत, भरत नाट्य मंदिराजवळ. १९१० ला राजवाड्यांनी आणि मेहेंदळ्यांनी काढलेलं. राजवाडे गावोगाव पायी फिरून लोकांच्या माळ्यावरचे, पेटीतले कागद गोळा करायचे, त्यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ चा, त्यात पानिपतच्या आसपासची पत्रं आहेत. तुझ्या आजीची पेटी ही त्याच जातीची गोष्ट आहे, हे लक्षात घे. मंडळात मोडीचे वर्ग चालतात, राज्याचं पुराभिलेख खातं पण मोडीचं प्रशिक्षण देतं आणि परीक्षा घेतं. पुढचा वर्ग कधी ते त्याच दिवशी तिथं विचारून नाव लिही, घरी जाऊन फोन करते म्हणालीस तर राहून जातं.

विचारायचं काय? कागद मागवायला अर्ज कसा करायचा, सूची कुठली बघायची, एका वेळी किती मिळतात, फोटो काढू देतात का. पेन घेऊन बसू देत नाहीत, पेन्सिल ठेव. बाकी तुला तिथं सुचेल.

आणि पेटीतल्या कागदांना काहीही करू नकोस. लॅमिनेशन नाही, सेलोटेप नाही, मोडलेली घडी इस्त्री करून सरळ करणं नाही. लोक प्रेमापोटी लॅमिनेट करतात आणि कागद कायमचा जातो. धुतलेल्या सुती फडक्यात सैल बांधून ठेव. आजी उन्हात ठेवतात ते आता सावलीत ठेवायला सांग, कसर जाईल पण शाई उडणार नाही.

बालाघाटकरीण

ताई, तुमचं उत्तर मी आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली जा. पप्पा अजून गप्प आहेत. एक विचारू का, आमच्याकडे तर पेशवाई नव्हती, निजाम होता. मग आमचे कागद पुण्यात कसे असतील? मी मराठवाड्यावर काम करायचं म्हटलं तर पुण्यात येऊन चुकले का?

जालन्याचा_मास्तर

अगं लेकरा चुकली नाहीस. मी तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला, आता रिटायर आहे, मी पण मराठवाड्याचाच म्हणून राहवलं नाही, लिहितो.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळं आपला सरकारी कागद हैदराबादला. तारनाक्याला पुरालेखागार आहे, तिथं शहाजहान-औरंगजेबाच्या वेळचे दख्खनचे फारसी कागद आहेत आणि पुढचे निजामी दप्तराचे. आधी फारसी, मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी उर्दू. म्हणून मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला एकच सांगत आलो, मोडी शिक आणि जोडीला उर्दू शिक. मराठवाड्यात उर्दू शिकवणारा माणूस गल्लीत सापडतो, आपणच विचारत नाही. माझ्या शेजारच्या हाजीसाहेबांनी मला संध्याकाळी ओट्यावर बसून अलिफ-बे शिकवलं, मी तेव्हा चाळीस वर्षांचा होतो.

पण गावातला कागद, कुलकर्ण्यानं लिहिलेला, देशमुख-पाटलाच्या घरात राहिलेला, तो निजामाच्या राज्यात पण मोडीतच आहे. वर फारसी शिक्का आणि खाली मोडी मजकूर असा पण सापडतो. तुझ्या आजीच्या पेटीतला तसाच निघंल असं मला वाटतं. आणि मराठ्यांचा चौथाई-सरदेशमुखीचा हिशोब निजामाच्या मुलखातलाच की, तो पुण्याच्या दप्तरात आहे, आपल्या परगण्यांची नावं तिथं सापडतात. म्हणून पुण्याला जाणं वाया नाही.

साल बघताना एक लक्षात ठेव. आपल्या भागात फसली सन, म्हणजे महसुलाचं पिकाचं वर्ष, जास्त चालायचा. दख्खनच्या फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, त्या वर्षात जानेवारी लागला की पुढं ५९१. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस अ‍ॅक्शनचं साल १३५७ फसली, त्यावरून ताळा करून बघ.

पप्पांना माझा नमस्कार सांग. म्हणावं मास्तर म्हणाले पोरीला आठ दिवस आधी पाठवा.

थेम्सकाठचा_सातारकर

मी सध्या लंडनला इतिहासात एमए करतोय, इथं याला वेलकम वीक म्हणतात. खाण्यापिण्याचे स्टॉल, क्लबांची नावनोंदणी, तेही असतंच, पण आमच्या विभागाने दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना ब्रिटिश लायब्ररीचा रीडर पास काढायला लावला. फुकट असतो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो. वर आशिया-आफ्रिकेच्या वाचनालयात इंडिया ऑफिसचे, म्हणजे इंग्रजांच्या भारतातल्या कारभाराचे, कागद मिळतात, इथं पण फक्त पेन्सिल, बॅग खाली लॉकरमध्ये, पारदर्शक पिशवीत लॅपटॉप. म्हणजे रुमालवाली ताईंनी सांगितलं तेच, फक्त थंडी जास्त.

मला इथं येऊन एक गोष्ट लागली. इथल्या संग्रहात मराठी हस्तलिखितं आहेत, मी सातारचा आहे म्हटल्यावर माझ्या प्राध्यापकांनी विचारलं तुला मोडी येत असेलच. मी पुण्यात तीन वर्षं पदवीला होतो, सदाशिव पेठेतच राहायचो, मंडळाच्या दारावरून रोज जायचो आणि एकदाही आत गेलो नाही. आता इथून रात्री ऑनलाइन मोडी शिकतोय. तू जा गं. तुला जे दोन बस बदलून मिळतंय त्याची किंमत मला इथं कळतेय.

नेट_देणारा

बरं, गुरुवारचं मी मागे घेतो. आमच्या वेळी कुठंच नेलं नव्हतं, हॉलमध्येच बसवून ठेवलं होतं सहा दिवस, त्या रागात लिहिलं. एक मात्र ऐक, मंगळवारी लायब्ररीत शोधगंगा कशी वापरायची ते नीट समजून घे, तिथं जुने पीएचडीचे प्रबंध पूर्ण वाचायला मिळतात, तुझ्या जिल्ह्यावर कुणी काय केलंय ते आधी बघ. आणि राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल, त्यावर घरबसल्या स्कॅन बघता येतात, नोंदणी करून ठेव.

पेठेतला_भाडेकरू

शनिवारच्या सीनियर गप्पांना मी असणार आहे. चहा झाल्यावर मेसचं, रूमचं, बस पासचं सगळं विचार. हडपसरहून यायला सकाळी आठच्या आत निघ, नंतर ट्रॅफिकमध्ये तास-दीड तास जातो.

बालाघाटकरीण

आले. पप्पांनी स्वतः एसटीत बसवून दिलं, आणि बस सुटताना खिडकीतून पेन्सिलींचा डबा दिला, आईनं त्यांना मास्तरांचा निरोप सांगितला होता.

सोमवारी भाषणं होती, पण शेवटी विभागातल्या एका मॅडमनी प्रत्येकाला विचारलं की तुमच्या घरातली सगळ्यात जुनी वस्तू कोणती. एकाच्या घरी कोल्हापूरच्या कुस्तीची गदा होती, एकीच्या आईकडे गिरणीतल्या संपाच्या वेळचं आजोबांचं पासबुक. मी पेटी सांगितली, मराठीतच. मॅडमनी लिहून घेतलं.

गुरुवारी दप्तरात त्यांनी एक रुमाल आमच्यासमोर सोडला. ज्या माणसानं सोडला त्यानं गाठ ओढून नाही काढली, दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू सैल केली, आमची आजी ओटीतल्या पैशाची गाठ सोडते तशी. ताई, एका कागदावर मला "मया व अलफ" दिसलं, तेवढंच वाचता आलं, पण मी मोठ्यानं वाचलं आणि त्यांनी बरोबर म्हणून मान हलवली. मंडळात मोडीच्या वर्गाला नाव दिलंय. ओजेटीचं पण विचारलं, अर्ज करायला सांगितलाय.

काल भावाने पेटीतल्या एका कागदाचा फोटो पाठवला. खाली आकड्यात "सन १२९८ फसली" आहे, मास्तर सर, ५९० मिळवले, १८८८ आलं. बरोबर ना? वर गोल शिक्का आहे, तो उर्दू की फारसी कळत नाही. मजकूर मोडीतच आहे. पहिल्या ओळीत "मौजे" लागलं, तिसऱ्या ओळीत "जमीन" लागलं, चौथ्या ओळीतल्या शब्दावर मी दोन तास अडकलेय, विहीर आहे की वहीत? आमच्या शेतात जुनी विहीर आहे म्हणून मला विहीर वाटतंय. फोटो टाकलाय खाली.

जालन्याचा_मास्तर

१८८८-८९, बरोबर. शिक्का जवळून काढायला सांग भावाला, उजेडात, सावली पडू न देता. मी आणि हाजीसाहेब बघतो.

रुमालवाली

वहीत आहे. शेवटचं अक्षर मोठं करून बघ, र नाही, त आहे. आणि पाचव्या ओळीच्या सुरुवातीला "पडीत" लिहिलंय, हे दोन शब्द जोडीनं येतात, कसलेली जमीन किती आणि पड किती. त्यापुढचे आकडे तू लाव, मी उद्या बघते.